नवीं पिल्लें आणि जुना कळप

परसांत पांच-सहा कोंबड्या सुखानें नांदत असतात. वय झाल्यामुळें त्यांचीं अंडीं कमी होऊं लागतात, तेव्हां डझनभर नवीं पिल्लें आणावीं असें घरांत ठरतें. महिन्याभरांत पिल्लें टुणटुणीत दिसूं लागतात आणि एके सकाळीं खुराड्याचें दार उघडून तीं जुन्या कळपांत सोडलीं जातात. संध्याकाळीं पाहावें तों एखादें पिल्लूं कोपऱ्यांत रक्तबंबाळ होऊन पडलेलें आढळतें. कोंबडीची जातच क्रूर, असा निष्कर्ष मग काढला जातो. वास्तविक तिच्या समाजाचे नियम न जाणतां तिच्या घरांत परके घुसविले, हीच मूळ चूक होय.

ह्या नियमांचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेमधील थोर्लीफ शेल्डरुप-एब्बे ह्यानें केला. बालपणापासून तो कोंबड्यांचें वर्तन न्याहाळीत असे. त्यासंबंधींचा त्याचा निबंध १९२२ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. कळपांतील प्रत्येक कोंबडीची पायरी ठरलेली असते, असें त्यानें दाखवून दिलें. वरच्या पायरीवरची खालचीला टोंचते. खालची सहसा उलट टोंचीत नाहीं. दाण्याला प्रथम तोंड कोणी लावावयाचें ह्याचा निकाल ह्याच क्रमानें लागतो. क्रम एकदां ठरला म्हणजे भांडणें थांबतात. वरचढ कोंबडीनें नुसती मान उगारली तरी पुरतें. ही व्यवस्था अशी शांततेलाच उपकारक आहे. परंतु अनोळखी पक्ष्याची पायरी ठरलेली नसते. ती चोंचीनेंच ठरवावी लागते. बरोबरीच्या पक्ष्यांत हा तंटा लवकर मिटतो. कोंवळ्या पिल्लाला मात्र लढतां येत नाहीं, आणि अरुंद खुराड्यांत पळण्यास वावही नसतो. त्यांत रक्ताचा लाल ठिपका दिसला कीं इतर कोंबड्याही तेथेंच टोंचूं लागतात.

खुडूक कोंबडीनें स्वतः उबविलेल्या पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांच्या वाटेस कोणी गेलें कीं आई पिसें फुलवून अंगावर धांवून जाते, आणि तिच्या आश्रयानें पिल्लें कळपाच्या चालीरीती शिकतात. अंडी उबवणी केंद्रांतून आणलेल्या पिल्लांना हें छत्र नसतें. आईचें काम तेथें पाळणाऱ्यानें करावयाचें असतें.

त्यांतील पहिलें काम उबेचें. पहिल्या आठवड्यांत पिल्लांना सुमारें ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढें ती दर आठवड्यास तीनेक अंशांनीं कमी करीत न्यावी. अंगभर पिसें येण्यास ६ ते ८ आठवडे लागतात. तोंवर त्यांना वेगळेंच ठेवावें. धडधाकट दिसणाऱ्या जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेंतूनही रक्ती हगवणीसारखा रोग पिल्लांना जडूं शकतो. म्हणून दाणापाणी आधीं पिल्लांना व मग कोंबड्यांना घालावें, आणि प्रत्येक वेळीं हात धुवावे. कुमाऊंमधील राणीखेत ह्या गांवावरून ज्याला नांव पडलें, त्या मानमोडीच्या रोगावरील लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं टोंचून किंवा पाजून घ्यावी.

पिसें आल्यावर ओळखीचा काळ सुरू होतो. एकाच अंगणांत मध्यें बारीक जाळी लावून एका बाजूस कोंबड्या व दुसऱ्या बाजूस पिल्लें ठेवावीं. एकमेकांना पाहतां यावें, पण टोंचतां येऊं नये. निदान दोन आठवडे असे गेले म्हणजे नव्याची नवलाई ओसरते. पुढें पिल्लें तीनेक महिन्यांचीं होऊन अंगानें कोंबड्यांच्या जवळपास आलीं म्हणजे जाळी काढावी. पिल्लें सर्व एकदम सोडावीं. एकटें पिल्लूं कधींही सोडूं नये. जागा मोकळी असावी, दाणापाणी दोन-तीन ठिकाणीं ठेवावें, आणि लपण्यासाठीं फळ्यांचा किंवा उलट्या टोपल्यांचा आडोसा करावा. पहिले कांहीं दिवस कोणीतरी लक्ष ठेवणें अवश्य आहे.

खाद्याचीही एक अडचण असते. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत कॅल्शियम शेंकडा साडेतीन-चारपर्यंत असतें. वाढत्या पिल्लांना शेंकडा एकच्या आसपास पुरतें, आणि अधिक झाल्यास त्यांच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. ह्यासाठीं सर्वांना वाढीचेंच खाद्य द्यावें व कोंबड्यांसाठीं शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत ठेवावा.

इतकें करूनही थोडी पाठलाग-टोंचाटोंची होणारच. पायऱ्या ठरण्याची ती रीत आहे आणि तींत पडूं नये. रक्त निघालें तर मात्र जखमी पिल्लूं तत्काळ वेगळें करावें. एकच कोंबडी सारखी छळीत असेल तर तिलाच चार दिवस दूर ठेवावें. परत आल्यावर तिचा तोरा बहुधा उतरलेला असतो. पुढें एके संध्याकाळीं जुनीं-नवीं सारीं एकाच दांडीवर शेजारीं शेजारीं बसलेलीं दिसतात, तेव्हां कळप एक झाला असें समजावें.