पंचविशीची अट आणि एका बैठकीतली क्वार्टर

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव आलिशान मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता. अपघातापूर्वी दोन ठिकाणी त्याला व त्याच्या मित्रांना दारू देण्यात आली होती, असे पोलिसांनी सांगितले. पुढे जामिनाच्या अटीतला निबंध, रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप, पब्जवरील कारवाई यांवर इतके लिहिले-बोलले गेले की एक साधी बाब बाजूलाच राहिली. हे ज्या राज्यात घडले, तेथे कडक दारूसाठी कायदेशीर वय १८ नव्हे, २१ही नव्हे, तर २५ आहे. बीअरसाठी ते २१ आहे. या मुलाला कायद्याने आणखी आठ वर्षे थांबायला हवे होते.

अशी घटना घडली की वयाची अट आणखी कडक करण्याची मागणी हमखास पुढे येते. अट वाढविल्याने तरुणांचे बेसुमार पिणे खरोखर कमी होते काय, याचे उत्तर देण्याआधी 'बेसुमार' म्हणजे किती, हे ठरवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार एका बैठकीत ६० ग्रॅम वा अधिक शुद्ध अल्कोहोल पोटात गेले, तर ते अतिमद्यपान. इंग्रजी वृत्तपत्रे ज्याला 'बिंज ड्रिंकिंग' म्हणतात ते हेच. हा आकडा परका वाटेल. पण भारतीय व्हिस्की वा रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते आणि त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या बाटलीत जवळजवळ नेमके ६० ग्रॅम भरते. म्हणजे आपल्याकडची 'क्वार्टर'. जी बाटली एकट्याने संपविणे हा आपल्याकडे पिण्याचा साधा एकक मानला जातो, तीच जागतिक व्याख्येत अतिमद्यपानाची रेषा आहे.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील मद्यपींपैकी ४३ टक्के लोक एका बैठकीत चारपेक्षा अधिक पेग घेतात, असे आढळले होते. पिणाऱ्यांची संख्या आपल्याकडे युरोपच्या मानाने कमी आहे. पितात ते मात्र झिंग येईपर्यंत पितात. वयाची अट 'कोणी प्यावे' एवढेच सांगते. 'किती प्यावे' याबद्दल ती मुकी असते.

तरीही ती निरुपयोगी म्हणता येत नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेत आहे. १९७१ मध्ये तेथे मतदानाचे वय १८ वर आले, तेव्हा अनेक राज्यांनी त्याच भरात दारूचे वयही खाली आणले. रस्त्यांवर तरुणांचे मृत्यू वाढले. मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली मुलगी गमावलेल्या कॅन्डेस लाइटनर या आईने १९८० मध्ये सुरू केलेल्या चळवळीने देश ढवळून निघाला आणि १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी राष्ट्रीय किमान वयाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. दारूचे वय ठरविणे हा तेथे राज्यांचा अधिकार. त्यामुळे केंद्राने निराळी युक्ती काढली: जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्ग निधीला कात्री. १९८८ पर्यंत सर्व राज्ये वठणीवर आली.

परिणाम झाला. बारावीच्या विद्यार्थ्यांत दोन आठवड्यांत एकदा तरी सलग पाच पेये घेणाऱ्यांचे प्रमाण १९८०च्या सुमारास ४१ टक्के होते. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते २८ टक्क्यांच्या आसपास आले. वयाचा धाक खरा असतो, हे कार्पेंटर आणि डॉबकिन या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये वेगळ्या वाटेने दाखविले. एकविसावा वाढदिवस ओलांडताच अमेरिकी तरुणांत पिण्याचे दिवस एकदम वाढतात आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी उसळते, असे त्यांना आढळले. वाढदिवसाच्या आदल्या आणि नंतरच्या आठवड्यांत माणूस तोच असतो, बदलते ते फक्त कायद्याचे बंधन.

महाविद्यालयांत मात्र चित्र उलटे. हार्वर्ड विद्यापीठाच्या हेन्री वेक्सलर यांच्या पाहण्यांत १९९३ मध्ये ४४ टक्के विद्यार्थी अतिमद्यपान करणारे निघाले आणि २००१ मध्येही ते ४४ टक्केच होते. मधल्या काळात कायदा तोच, दंड तेच, पोलीसही तेच. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. वय १८ असते तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गातला मुलगा पंधरा वर्षांच्या मित्राला बाटली आणून देऊ शकतो. ते २१ केले की शाळेतली ही साखळी तुटते, कारण एकवीस वर्षांचा कोणी शाळेत नसतो. वसतिगृहात मात्र १८ आणि २२ वर्षांची मुले शेजारच्या खोल्यांत राहतात. तेथे साखळी शाबूत राहते आणि पिणे तेवढे बंद दाराआड जाते. बंद दाराआड घाईने प्यावे लागते, आणि घाईत मोजदाद राहत नाही. २००८ मध्ये शंभराहून अधिक महाविद्यालय-विद्यापीठप्रमुखांनी २१ च्या अटीचा फेरविचार व्हावा, असे निवेदन काढले, त्यामागे हाच अनुभव होता. त्यांच्यावर टीकेची झोड उठली; वय जागच्या जागी राहिले.

आणखी एक निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक बोलका आहे. मायरन आणि टेटेलबॉम यांनी २००९ मध्ये राज्यवार आकडे तपासले. ज्या राज्यांनी केंद्राच्या दबावाआधी आपणहून वय वाढविले, तेथे रस्त्यांवरचे मृत्यू घटले. ज्यांनी निधी जाईल म्हणून नाइलाजाने मान डोलावली, तेथे टिकाऊ फरक दिसला नाही. आकडा दोन्हीकडे २१ च होता.

महाराष्ट्राची गोष्ट इथून सुरू होते. कागदोपत्री हे राज्य आजही दारूबंदीचे आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात पिणे हा अपवाद आणि त्यासाठी परवाना आवश्यक. 'परमिट रूम' ही पाटी रोज डोळ्यांखालून जाते, तिचा उगम फारसा कोणाला आठवत नाही. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. २०११ मध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणाने २५ ची अट चर्चेत आणली, तेव्हा मतदान अठराव्या आणि लग्न एकविसाव्या वर्षी करता येत असताना पेग मात्र पंचविसाव्या वर्षी का, असा सवाल झाला आणि अभिनेता इम्रान खान याने अटीला न्यायालयात आव्हान दिले. अट राहिली.

साखळीचा हिशेब लावला तर २५ चा आकडा २१ पेक्षा प्रभावी ठरायला हवा, कारण पंचविशीतले विद्यार्थी महाविद्यालयात थोडेच. पण साखळी लागते ती दुकानदार वय विचारत असेल तर. आपल्याकडे गल्ल्यावर आधार कार्ड मागितले जाण्याचा प्रसंग दुर्मिळ. हॉटेलातला वेटर समोर बसलेल्या नोकरदार तेविशीतल्या तरुणाला परत पाठवीत नाही, मालकाचीही तशी अपेक्षा नसते, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यात मोठा गुन्हा दिसत नाही. उंच अटीचा खरा तोटा येथे आहे. कमावत्या तेविशीतल्या माणसाला नकार देणे कोणालाच पटत नाही, म्हणून वय विचारण्याची सवयच मोडते. आणि सवय मोडली की त्याच टेबलावरचा सतरा वर्षांचा मुलगाही गर्दीत खपून जातो. गोव्यात अट १८ ची आहे. पुण्याहून रात्री निघालेली बस सकाळी पणजीला पोचते, तेव्हा वीस वर्षांचा प्रवासी कायद्याच्या दृष्टीने एकाएकी जाणता होतो, हा विनोद निराळाच.

त्यात ज्या राज्य उत्पादन शुल्क विभागाने अट राबवायची, त्याच्यावरच महसुलाचे उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारी आहे. दोन्ही कामे एकाच हातांनी करताना कोणते मागे पडते, हे सांगायला नको.

अमेरिकेत १९८८ नंतर वय एका दिवसानेही बदललेले नाही. तरीही बारावीतल्या अतिमद्यपानाचे प्रमाण २८ वरून पुढे घसरत २०२३ मध्ये १० टक्क्यांच्या आसपास आले. एवढी घट वयाच्या अटीच्या खात्यावर मांडता येणार नाही. पालकांचा पहारा, मित्रांच्या भेटी मोबाइलवर सरकणे, प्रकृतीची नवी जाणीव अशी अनेक कारणे अभ्यासक मांडतात.

वयापेक्षा नेमका मारा करणारे दुसरे हत्यार किंमत, यावर जगभरच्या सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांत बरेच एकमत आहे. तरुणाच्या खिशात पैसे मोजके असतात. चौथा पेग पहिल्याइतका सहज परवडत नसेल, तर बैठक लवकर उठते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरील उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पटवरून साडेचारपट केले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किरकोळ किंमत देशीसाठी ८० रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी दारूसाठी २०५ रुपये अशी ठरली. बीअर आणि वाइन या वाढीतून वगळण्यात आल्या. सांगितलेला हेतू १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाचा होता; तरुणांच्या पिण्याचा उल्लेख त्यात ठळक नव्हता. पण महाग झाली ती नेमकी क्वार्टर.