मुंबईच्या लुप्त वास्तू आणि हरवलेली क्रीडांगणे : शोधाची साधने व काही निरीक्षणे

प्रास्ताविक

नगरांच्या इतिहासाचे आपल्याकडील लेखन बहुतांशी उभ्या असलेल्या वास्तूंच्या आधाराने झालेले आहे. वाडा, मंदिर, चर्च, न्यायालय, रेल्वे स्थानक यांची वर्णने विपुल सापडतात. परंतु जे पाडले गेले, जळाले अथवा नुसतेच बंद पडले त्याचा मागोवा घेण्याची पद्धत अभ्यासक्रमांत क्वचितच शिकविली जाते. त्यातही खेळाच्या जागांची उपेक्षा अधिक आहे. पाडलेल्या इमारतीचा भूखंड शिल्लक राहतो. त्याला क्रमांक असतो, मालक असतो, कर असतो. मैदानाला भिंत नसते. सामन्यासाठी उभारलेले शामियाने सामना संपताच उतरविले जातात आणि पुढच्या पावसात खेळपट्टीची खूणही बुजते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या दक्षिण भागाचे उदाहरण घेऊन या दोन प्रकारच्या लुप्त स्थळांचा शोध कसा घेता येतो याचे विवेचन केले आहे. मैदानांच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच नोंदवावीशी वाटते. मैदानाविषयीचे कागद प्रामुख्याने तेथे खेळण्याच्या आणि बसण्याच्या हक्कावरून झालेल्या वादांतून निर्माण झाले आहेत. ज्या मैदानावर असा वाद सरकारदरबारी गेला नाही, त्याचा कागदही बहुधा उरला नाही.

तटबंदीचा माग

मुंबईच्या लुप्त वास्तूंमध्ये सर्वांत मोठी वास्तू म्हणजे खुद्द कोट होय. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यास आरंभ झाला. अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट हे तीनही दरवाजे गेले. फोर्ट जॉर्जचा एक अवशेष सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात उरला आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे जुनी मुंबई नाहीशी होऊ लागली त्याच सुमारास ती मराठीत शब्दबद्ध होत होती. या ग्रंथाचे महत्त्व त्यामुळे वाढते. त्याच्याबरोबर आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ (१८८९) ठेवून वाचला असता सव्वीस वर्षांत काय पुसले गेले याचा अंदाज येतो. नकाशांमध्ये कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली तयार होऊन १८७२ साली पूर्ण झालेली मोजणी आजही आधारभूत आहे. ती आजच्या नकाशावर ठेवून पाहिली की शोधाचे निम्मे काम होते.

तट गेला तरी त्याची रेषा गेली नाही. आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड, पश्चिमेकडील तटाच्या जागेचा मागोवा घेत जातो. काळा घोडा परिसरातील एका रस्त्याचे रॅम्पार्ट रो हे जुने नाव तटाचीच आठवण होय. शहरातील एखादा रस्ता आजूबाजूच्या गल्ल्यांशी न जुळता रुंद आणि वळणदार जात असेल, तर त्याखाली तट, खंदक किंवा नाला असण्याची शक्यता अभ्यासकाने मनात धरावी. पुण्यातही आणि विदर्भातील कोट असलेल्या गावांतही हे निरीक्षण उपयोगी पडावे.

नावे : साक्षीदार आणि दिशाभूल

स्थलनामे हे दुसरे साधन. सॅम्युअल शेपर्ड यांचे मुंबईच्या स्थलनामांवरील पुस्तक (१९१७) अभ्यासकांच्या हाताशी असते. तथापि नावे जागची हलतात, हे विसरता कामा नये. चर्चगेट स्थानकाच्या जागी चर्च गेट कधीच नव्हते. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा तो दरवाजा आज फ्लोरा फाउंटन आहे त्या ठिकाणी होता. कॉटन ग्रीन या नावाचा प्रवास तर याहून लांबचा आहे. टाउन हॉलसमोरील हिरवळीवर कापसाचे गठ्ठे रचले जात. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात शिवडीकडे. आज हार्बर मार्गावरील स्थानकाच्या नावात जी हिरवळ आहे, ती मूळ हिरवळीपासून कित्येक किलोमीटर दूर आहे. काळ्या घोड्याचे उदाहरण याच्या उलट आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून राणीच्या बागेत नेण्यात आला. नाव मात्र जागेला चिकटून राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोडा उभा करण्यात आला तो केवळ या नावाच्या बळावर.

नाट्यगृहांच्या बाबतीत नावाचाही आधार सुटतो. टाउन हॉलच्या परिसरातील हिरवळीवरील अठराव्या शतकातील नाट्यगृह कर्जापायी विकले गेले. त्यानंतर १८४६ मध्ये नाना शंकरशेट यांच्या साहाय्याने ग्रँट रोडवर नवे नाट्यगृह उभे राहिले. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तेथे प्रयोग केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात इतके महत्त्वाचे असलेले हे नाट्यगृह आज उभे नाही, आणि ग्रँट रोडवरून रोज जाणाऱ्या मराठी माणसाला ते येथे होते याची जाणीव करून देणारे काहीही सहज दिसत नाही. अशा वास्तूंच्या शोधात नाटकाच्या जाहिराती, दैनिकांतील परीक्षणे आणि जमिनीचे दस्तऐवज यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एस्प्लनेड आणि क्रिकेट

१८०३ सालच्या आगीनंतर कोटाबाहेरील वस्ती हटवून तोफांच्या माऱ्यासाठी मोकळा पट्टा वाढविण्यात आला. हाच एस्प्लनेड होय. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याची शिल्लक राहिलेली शकले आहेत. याच मोकळ्या जागेवर पारशी तरुण क्रिकेट खेळू लागले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. १८७५ मध्ये युरोपियनांचे बॉम्बे जिमखाना स्थापन झाले आणि मैदानाचा एक भाग त्यांच्याकडे गेला. उरलेल्या भागावर एतद्देशीय क्रिकेट खेळत, परंतु युरोपियन मंडळी तेथेच पोलो खेळू लागली. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी चेंडू कसा उसळेल हे सांगता येत नसे. भारतीय क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले, निर्णय झाले, फिरले, पुन्हा अर्ज झाले. या झगड्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने छापली.

अभ्यासकाच्या दृष्टीने हा वाद म्हणजे पर्वणीच आहे. मैदानाचा कोणता भाग कोणाकडे होता, कोणत्या दिवशी कोणता खेळ चाले, जमीन कशी होती हे तपशील सामन्यांच्या धावफलकात कधीच सापडत नाहीत. ते तक्रारीच्या अर्जात सापडतात. पुढे पारशी, हिंदू आणि मुस्लिम जिमखान्यांना केनेडी सी फेसवर स्वतंत्र जागा मिळाल्या. तीनही जिमखाने अद्याप आहेत. ‘केनेडी सी फेस’ हे नाव मात्र मरीन ड्राइव्हच्या मागे लोपले. जुने वृत्तपत्र वाचताना हे ठाऊक नसेल तर वाचक समुद्रकिनारी भलत्याच ठिकाणी मैदान शोधीत बसेल.

जिमखान्याच्या मैदानावर १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी सामने झाले. १९२६ च्या डिसेंबरात कर्नल सी. के. नायडू यांनी गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध १५३ धावा केल्या; त्यांत ११ षटकार होते. भारतातील पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी येथेच सुरू झाला. लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात शतक काढले, जार्डिनचा संघ जिंकला. त्यानंतर येथे एकही कसोटी सामना झाला नाही. हजारो प्रेक्षकांना सामावून घेणारी ती आसनव्यवस्था तात्पुरती होती. आज मैदान आहे, क्लबची इमारत आहे, परंतु १९३३ चे ‘स्टेडियम’ कोठेही नाही. ज्या क्लबचे सभासदत्व भारतीयांना खुले नव्हते त्याच्या आवारात भारताचा मायदेशातील पहिला कसोटी सामना झाला, ही विसंगतीही त्या तंबूंबरोबरच विस्मृतीत गेली आहे.

मैदानातील आतले आणि बाहेरचे या भेदाला आणखी एक पदर आहे. पळवणकर बाळू हे त्या काळचे श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता गोलंदाजी घोटविली. हिंदूंच्या संघातून ते खेळत, तेव्हा आरंभी चहाच्या वेळी त्यांना इतरांपासून वेगळे, बाहेर बसावे लागे. संघाचे नेतृत्व त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पॅव्हिलियनच्या जुन्या आराखड्यात खोल्या, व्हरांडे आणि पायऱ्या दाखविलेल्या असतात. कोण कोणत्या पायरीपर्यंत येऊ शकत होता हे आराखड्यावरून कळत नाही. इमारतीच्या इतिहासाला चरित्रांची आणि आठवणींची जोड देणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

खुर्च्यांचा प्रश्न

जिमखान्यावरून क्रिकेट हलले ते बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर. ७ डिसेंबर १९३७ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन झाले. चौरंगी सामने आता पंचरंगी झाले होते. पण पहिल्याच वर्षी हिंदू संघ आसनांच्या वाटपावरून स्पर्धेबाहेर राहिला. १९७० च्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात पुन्हा आसनांच्याच वाटपावरून बेबनाव झाला. बॅ. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर पुढचा कसोटी सामना होण्यास डिसेंबर २००९ उजाडले.

एस्प्लनेडपासून वानखेडेपर्यंतचे हे स्थलांतर पायी अर्ध्या तासात पार करता येईल इतक्या टापूत घडले. जागा अपुरी पडणे हे त्यामागील एक कारण असले, तरी निर्णायक कारण खुर्ची कोणाची हेच होते, असे माझे मत आहे. २०११ च्या विश्वचषकापूर्वी वानखेडेचीही पुनर्बांधणी झाली. म्हणजे नाव आणि जागा कायम राहूनही १९७५ चे स्टेडियम बहुतांशी लुप्त झाले आहे. हा तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण येथे काही हरवले आहे असे कोणाला वाटतच नाही.

जुन्या छायाचित्रांच्या कालनिश्चितीसाठी एक साधी युक्ती सांगता येईल. एस्प्लनेडच्या छायाचित्रात जेथे राजाबाई टॉवर दिसावयास हवा तेथे तो नसेल, तर ते १८७८ पूर्वीचे. बोरीबंदरच्या स्थानकाचा घुमट पूर्ण दिसत असेल, तर १८८८ च्या अलीकडचे. खेळाडूंच्या पोशाखापेक्षा पार्श्वभूमीतील इमारती अधिक प्रामाणिक असतात.

कागद नसलेली मैदाने

वरील सर्व विवेचन ज्या मैदानांविषयी आहे त्यांच्या वाट्याला निदान अर्ज, वृत्तान्त आणि छायाचित्रे आली. लालबाग, परळ, वरळी या गिरणगावातील कबड्डीच्या, कुस्तीच्या जागांना हे भाग्य लाभले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. गिरणीचे धुराडे तरी कोठे कोठे स्मारक म्हणून राखले गेले. तालीम आणि दोन चाळींमधील पटांगण कोणत्याही वारसा-यादीत बसत नाही. बृहन्मुंबईचे वारसा नियम १९९५ पासून अस्तित्वात आहेत, पण त्यांचा कल स्वाभाविकपणे वास्तूंकडे आहे. ज्या पटांगणात वास्तूच नव्हती ते यादीत यावे कसे?

येथे स्थानिक क्रीडामंडळांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिका, स्पर्धांची हस्तपत्रके, ढालींवर कोरलेली वर्षे आणि संघांची समूहछायाचित्रे हीच साधने आहेत. ती ग्रंथालयांत नसून घरांच्या माळ्यांवर आहेत आणि पुनर्विकासात घर सोडताना सर्वांत आधी रद्दीत जातात. आपल्या महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थी अशाच घरांतून येतात. पदवीच्या वर्गाला प्रकल्प देताना संग्रहालयाची भेट देण्यापेक्षा आजोबांच्या संघाचे एक छायाचित्र आणि त्यामागची नावे लिहून आणावयास सांगणे मला अधिक उपयुक्त वाटते.

मौखिक साक्ष घेताना प्रश्न कसा विचारावा यावर पुष्कळ अवलंबून असते. ‘मैदान कोठे होते?’ असे विचारले की उत्तर मिळते, ‘तिकडे, आता टॉवर आहे तिथे.’ टॉवर चार असतात. त्याऐवजी वृद्ध खेळाडूला असे विचारावे की संध्याकाळच्या सामन्यात ऊन कोणत्या संघाच्या डोळ्यांवर येई, गिरणीचा भोंगा कोणत्या बाजूने ऐकू येई, पाणी प्यायला कोणत्या चाळीच्या नळावर जात असत आणि मैदानात कोणाला उतरू दिले जात नसे. पहिल्या तीन उत्तरांनी लॉटनच्या नकाशाइतकी नाही, तरी कागदावर चौकोन काढता येईल इतकी जागा निश्चित होते. चौथ्या प्रश्नाला उत्तर येण्यास बहुधा वेळ लागतो, आणि ते पहिल्याच भेटीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.