संशोधनाची उमेदवारी

सुताराच्या हाताखालीं कांहीं वर्षें उमेदवारी केली म्हणजे मुलाच्या हातीं कसब येतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु केवळ बुद्धीच्या विषयांतही उमेदवारी असते, याचें आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. क्वांटम संगणकाचें शास्त्र हा असाच एक विषय होय.

आपल्या नेहमींच्या संगणकाचा सर्व हिशेब शून्य व एक या दोन अंकांवर चालतो. क्वांटम संगणकाच्या घटकास क्युबिट म्हणतात. त्याची स्थिति या दोहोंचें मिश्रण असूं शकते. या गुणामुळें कांहीं प्रश्न फार लवकर सुटतात. सगळे मात्र नव्हे. कोणते सुटतात हें गणितानें ठरविणें, हें सिद्धान्त मांडणाऱ्याचें काम. त्यास बहुधा कागद, पेन्सिल व फळा एवढेंच पुरतें.

मग डॉक्टरेटचे विद्यार्थी उन्हाळ्यांत विद्यापीठ सोडून आय. बी. एम., गूगल अशा कंपन्यांच्या संशोधनशाळांत सुमारें तीन महिने कां राबतात? वेतन मिळतें हें खरें. परंतु तेथें नवा प्रश्न मिळतो, आणि उत्तर पारखून घेणारे जाणते मिळतात.

अशा पारखीचें मोल एका हकीकतीवरून कळेल. ती विद्यापीठांतली आहे, पण मर्म तेंच. ग्राहकाची आवड ओळखून त्यास वस्तु सुचविण्याची एक अतिशय जलद क्वांटम रीत केरेनिडिस व प्रकाश या संशोधकांनीं २०१६ सालीं मांडली. साध्या संगणकास ती गति साधणारच नाहीं, हें सिद्ध करण्याचें काम ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठांत प्राध्यापक स्कॉट आरन्सन यांनीं ईविन टँग या विद्यार्थ्यास दिलें. महिने लोटले, तरी सिद्धता हातीं येईना. शेवटीं टँग यांस उलटेंच आढळलें : साध्या संगणकासही जवळजवळ तसेंच जलद करतां येतें! २०१८ सालीं बर्कले येथें खुद्द केरेनिडिस व प्रकाश यांच्यापुढें ही रीत मांडली गेली. तासन् तास प्रश्न झाले, रीत टिकली. टँग यांचें वय तेव्हां अवघें १८ वर्षांचें होतें.

ज्या उत्तराची अपेक्षा होती तें मिळालें नाहीं. खरें उत्तर मिळालें. गुरूंनींही तें आनंदानें स्वीकारलें. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, मुलाचें उत्तर पुस्तकाच्या उत्तराशीं जुळलें नाहीं, तर रागें भरण्यापूर्वीं त्याची रीत एकवार पाहावी.