महेश्वर: खाली नर्मदा, वर वाडा
इंदूरहून साधारण 90 किलोमीटर. 1767 ते 1795 अहिल्याबाई होळकरांनी राज्य केलं आणि राजधानी नेली ती इथेच, महेश्वरला. त्यांच्या किल्ल्यात आता 'अहिल्या फोर्ट' हे हेरिटेज हॉटेल आहे. त्यांच्याच घराण्यातल्या रिचर्ड होळकरांनी सुरू केलेलं. दर खिशाला झोंबतात, आधीच सांगतो!

पण आराम म्हणून उशिरापर्यंत लोळू नका. सकाळी किल्ल्यात लिंगार्चन चालतं: ओल्या काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं फळीवर ओळीनं मांडतात, पूजतात आणि नर्मदेत सोडतात. मग घाटावर उतरा. दगडातली नक्षी बघा, तिच्यावरूनच घेतलेले माहेश्वरी साडीचे काठ ओळखीचे वाटतील. (बायकोनं दोन ओळखले, तीन घेतले.) संध्याकाळी नावेनं नदीतल्या बाणेश्वर मंदिरापर्यंत जा.