राणीची बाग : मुंबईची वृक्षसंपदा

भायखळा येथील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आजही ‘राणीची बाग’ याच नावाने सर्वांस परिचित आहे. भायखळा हा मुंबई शहराबाहेरील निवांत भाग असताना, १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते या उद्यानाचे उद्घाटन झाले. १८७३ मध्ये त्याची व्यवस्था नगरपालिकेकडे आली.

केवळ प्राणी पाहून परतणाऱ्यांच्या नजरेतून बागेचे मूळ स्वरूप निसटते. मूलतः हे वनस्पती उद्यान होय. आफ्रिकेतील गोरखचिंच आणि दक्षिण अमेरिकेतील कैलासपती येथे स्वदेशी वृक्षांच्या शेजारी वाढले आहेत.

लगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातील घारापुरीचा दगडी हत्तीही अवश्य पाहावा. १८६४ साली विलायतेस नेण्याच्या प्रयत्नात तो भंगला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे सांधून तो पुन्हा उभारण्यात आला.

भंगलेला पाषाण सांधता येतो, वृक्षाचे तसे नाही. म्हणूनच २००७ मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्रचनेची योजना पुढे येताच जुन्या वृक्षांच्या रक्षणासाठी नागरिकांनी आवाज उठविला. दीडशे वर्षांची ही सावली पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.