ग्राहींचा वेध : ट्रॉम्बेची अणुभट्टी ते ढाणकी

पेशीच्या आवरणावर किंवा आतल्या भागात असलेली आणि शरीरातून येणारा ठरावीक रासायनिक संदेश टिपणारी प्रथिने म्हणजे ग्राही, अर्थात रिसेप्टर. ती निरोगी पेशींतही असतात. मात्र काही कर्करोगांत त्यांची संख्या इतकी वाढते की त्यांच्याच आधारे गाठ शोधता येते आणि तिच्यावर नेमके औषधही पोहोचवता येते.

आतडे, स्वादुपिंड आदी अवयवांतील संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठी हे याचे ठळक उदाहरण होय. या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही दाटीने असतात. परंतु मूळ संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच विघटित होत असल्याने रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्याशी साधर्म्य असलेला, आठच अमिनो आम्लांचा टिकाऊ पेप्टाइड घडवला आणि धातूचा अणू घट्ट धरून ठेवणारा 'डोटा' नावाचा रेणू त्याला जोडला. त्यात गॅलियम-68 बसवल्यास पेट स्कॅनमध्ये गाठी उजळतात. ल्युटेशियम-177 बसवल्यास पेप्टाइड ग्राहीसह पेशीत ओढला जातो आणि जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचणारे बीटा कण तिचा डीएनए तोडतात. जी गाठ स्कॅनमध्ये उजळत नाही तिच्यावर हे औषध वाया जाणार, हे आधीच कळते, आणि या पद्धतीचे मोठेपण मुख्यतः त्यातच आहे. मूत्रपिंडांना मात्र किरणोत्साराची झळ बसू शकते, म्हणून उपचाराबरोबर लायसिन व आर्जिनिन ही अमिनो आम्ले शिरेतून दिली जातात.

ल्युटेशियम-177 मुंबईतच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील 'ध्रुव' अणुभट्टीत, ल्युटेशियम-176 वर न्यूट्रॉनांचा मारा करून बनवले जाते, आणि याच केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, जे 1963 पासून कार्यरत आहे, त्याद्वारे रुग्णांवर उपचार होतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे 6.6 दिवसांचे असल्याने ते दूरच्या शहरांतही पाठवता येते. गॅलियम-68 चे अवघे 68 मिनिटांचे असल्याने ते सहसा रुग्णालयातच 'जनित्र' नावाच्या उपकरणातून काढावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या रुग्णाला अशा उपचारासाठी मोठे शहर गाठावेच लागते. स्तनाच्या कर्करोगात, जो भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळतो, परिस्थिती वेगळी आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी 1896 मध्ये अंडाशय काढून काही रुग्णांची स्तनातील गाठ आक्रसते हे दाखवले, तेव्हा ग्राही ही कल्पनाही नव्हती. आज इस्ट्रोजेनचे ग्राही असलेल्या गाठींना टॅमोक्सिफेनसारखी स्वस्त गोळी चालते, तर 'हर-2' हा ग्राही अतिरिक्त असल्यास ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड उपयोगी पडते. गाठीत कोणते ग्राही आहेत हे ठरवण्यासाठी रुग्णाला नव्हे, गाठीच्या तुकड्याला प्रवास करावा लागतो. तो काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये ठेवला गेला पाहिजे, कारण उशीर झाल्यास ग्राही असूनही चाचणीत दिसेनासे होऊ शकतात. पुढे मेणात बसवलेला त्याचा ठोकळा कुरिअरने कोणत्याही प्रयोगशाळेत धाडता येतो.

म्हणून घरातील कोणाच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासला जाऊन कर्करोगाचे निदान झाले, तर अहवालात इआर (इस्ट्रोजेन ग्राही), पीआर (प्रोजेस्टेरॉन ग्राही) आणि हर-2 या तिन्ही नोंदी आहेत का, हे उपचार सुरू होण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि मेणाचा ठोकळा जपून ठेवण्यास सांगावे.