हें वैराग्य नव्हे : विषादव्याधीविषयीं कांहीं गैरसमज

संस्कृतांत 'उदासीन' हा शब्द निंदेचा नाहीं. दोन पक्षांच्या कलहापासून जो अलिप्त बसला, तो उदासीन. गीतेंतहि हा शब्द गौरवानेंच आलेला आहे. मराठींत मात्र त्याच कुळांतला 'उदास' हा शब्द खिन्न व हताश मनुष्याला लागूं लागला. ही सरमिसळ कोशापुरतीच राहती, तर तिची चिंता वैयाकरणांनीं केली असती. परंतु सुशिक्षित घरांतून ती प्रत्यक्ष माणसांच्या बाबतींत होत असलेली आम्ही पाहतों, आणि तेथें ती फार महाग पडते.

साठी उलटलेले एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणावे. पहांटे उठून स्नानसंध्या आटोपणारे, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे, नातवंडांना शुद्ध उच्चार शिकविणारे. हळूहळू त्यांचें बोलणें कमी होतें. अन्नावरची वासना जाते. रात्रीं तीनला जाग आली कीं पुन्हां डोळा लागत नाहीं. वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नाहीं. घरचीं माणसें पाहुण्यांना सांगतात, "अण्णांचें मन आतां संसारांतून निघालें. वयच तें!" सांगण्यांत थोडें कौतुकहि असतें. अण्णा मात्र आंतल्या आंत होरपळत असतात, आणि हें कौतुक ऐकल्यावर आपली व्यथा बोलावी कशी, हें त्यांना कळेनासें होतें.

वैराग्य आणि विषाद ह्यांतला भेद ओळखणें फारसें कठीण नाहीं. विरक्ताला विषय नकोसे होतात, पण त्याचें चित्त स्वस्थ असतें. ह्या रोग्याला विषयांबरोबर देवहि नकोसा होतो. पोथी उघडली तर पुढची ओळ वाचीपर्यंत मागची विसरते. 'आपण सर्वांना भार झालों' हा विचार दिवसभर मन कुरतडीत राहतो. वैद्यकाचा ढोबळ नियम असा आहे कीं, खिन्नता किंवा सर्व गोष्टींविषयीं अरुचि जवळजवळ दररोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकली, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, शक्ति व एकाग्रता बिघडली, स्वतःला दोष देणें किंवा मरणाचे विचार सुरू झाले, तर ती व्याधि समजून वैद्य गांठावा. हिलाच डॉक्टर लोक डिप्रेशन म्हणतात. वृद्धांत ती पुष्कळदां अंगदुखी, अपचन किंवा विसराळूपणा ह्यांचें रूप घेऊन येते. त्यामुळें तिच्यावर म्हातारपणाचें नांव घालून लोक मोकळे होतात.

"खाऊनपिऊन सुखी असतां ह्यांना दुःख कसलें?" हा दुसरा गैरसमज. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत पाहणी केली, तींत प्रौढांपैकीं सुमारें वीसांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां ही व्याधि जडल्याचें आढळलें. आणि रुग्णांपैकीं बहुतेक उपचारावांचून राहिले होते. आनुवंशिक प्रवृत्ति, वियोग, दीर्घ आजार, मद्यपान, गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा, अशीं हिचीं अनेक कारणें आहेत, आणि कित्येकदां एकहि कारण दिसत नाहीं. बाळंतिणीला पहिले कांहीं दिवस रडूं येणें नेहमींचें आहे; पण दोन आठवड्यांनंतरहि ती तशीच राहिली, तर "एवढें गोजिरवाणें मूल असतां रडतेस काय?" असें न म्हणतां तिला डॉक्टरांकडे न्यावें.

तिसरा गैरसमज आमच्यासारख्या पढिकांचा, व तो अधिक चिवट आहे. उपदेशानें विषाद जातो, असें आपण मानतों. "भगवंतांनीं अर्जुनाला उठविलें, तुम्हीहि उठा," असें सांगणारे घरोघरीं भेटतात. त्यांनीं दुसरा अध्याय पुन्हां नीट वाचावा. भगवंतांनीं आरंभीं अर्जुनाला दुर्बलता टाकून देण्याविषयीं दटाविलें आहे. त्या दटावणीचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाहीं. त्यानें आपलें दुःख पुन्हां एकवार सांगितलें आणि लढणार नाहीं म्हणून तो गप्प बसला. पुढचा सारा संवाद त्यानंतरचा आहे. शिवाय अर्जुनाच्या दुःखाचें कारण समोर उभें होतें, आणि ऐकलेलें तोलून पाहणारी बुद्धि त्याच्याजवळ शाबूत होती. ह्या व्याधींत तीच बुद्धि झांकोळलेली असते. तिला उपदेश करणें म्हणजे डोळे आलेल्या विद्यार्थ्याला वाचनाचे फायदे सांगण्यासारखें आहे. त्याला फायदे ठाऊक असतात, आणि वाचतां येत नाहीं म्हणून तो अधिकच खजील होतो.

आतां औषधांविषयीं. "त्या झोंपेच्या गोळ्या, एकदां लागल्या कीं सुटत नाहींत," असें ठाम मत पुष्कळांचें असतें. झोंपेच्या व चिंताशामक गोळ्यांपैकीं कांहींची संवय लागते हें खरें. पण विषादावरील मुख्य औषधें निराळीं आहेत. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयावरचें एक नवें औषध देतांना रोग्यांचीं मनें उल्हसित झालेलीं दिसलीं, आणि १९५७ मध्यें रोलांड कून ह्या स्विस डॉक्टरांनीं इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. तेथून ही विद्या वाढत आली. ह्या औषधांचा गुण दिसण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळें आठ दिवसांत "कांहीं उपयोग नाहीं" म्हणून बाटली फेंकून देणें चुकीचें, आणि बरें वाटूं लागतांच स्वतःच्या मतानें बंद करणेंहि चुकीचें. रोग उतरल्यावर निदान सहा महिने औषध चालूं ठेवून मग डॉक्टरांच्या सल्ल्यानें हळूहळू कमी करावें लागतें.

औषधावांचूनहि उपाय आहेत. आरोन बेक ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं १९६० नंतर विचारांची तपासणी करण्याची पद्धति बसविली. रोग्याचा प्रत्येक निराश निष्कर्ष त्याच्याकडूनच पुराव्यानें तपासून घ्यावयाचा, हें तिचें सूत्र. आमच्या शेजारीं गोमंतकांत तर ह्याहून साधा प्रयोग झाला. 'संगाथ' ही संस्था व डॉ. विक्रम पटेल ह्यांनीं वैद्यकाचें शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून दहा सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांकडे पाठविलें. सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेटींत रोग्याशीं बोलून, पूर्वीं त्याला गोडी असलेलीं छोटीं छोटीं कामें पुन्हां सुरू करून द्यावयाचीं. मन येईपर्यंत थांबावयाचें नाहीं, कामामागून मन येतें. २०१७ सालीं 'लॅन्सेट'मध्यें निकाल छापून आला : तीन महिन्यांनीं अशा भेटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ व्याधिमुक्त झाले होते, आणि त्या न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३९.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. मरणाविषयीं विचारलें तर नसता विचार मनांत भरेल, अशी लोकांना भीति वाटते. ती खोटी आहे. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनीं आपलीं जन्मभर जमविलेलीं पुस्तकें वांटून टाकलीं. सर्वांनीं अपरिग्रह म्हणून वाखाणणी केली. आम्हांलाहि एक अमरकोश मिळाला. सुनेला मात्र संशय आला. दार लोटून तिनें सरळ विचारलें, "मामंजी, जिवाचें कांहीं बरेंवाईट करावेंसें तुमच्या मनांत येतें का?" ते लहान मुलासारखे रडले, आणि दिवससुद्धां ठरविला होता असें म्हणाले. त्याच दिवशीं त्यांना डॉक्टरांकडे नेलें. चार महिन्यांनीं ते स्वतः काठी टेंकीत आमच्याकडे आले व अमरकोश परत मागून घेऊन गेले.

मुलीचें लग्न अडेल, चारचौघांत बोलबाला होईल, म्हणून हा आजार लपविणारीं घरें अद्याप आहेत. त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतहि रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलेलें आहे. हृदयविकार व मधुमेह असलेल्याला विषाद जडला तर तेहि रोग बळावतात, हें आजचें वैद्यक सांगतें. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेंच विम्याचा हक्क दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठींतूनहि मिळते.

तेव्हां घरांतील कोणी वडील माणूस एकाएकीं फार विरक्त झालेलें दिसलें, तर प्रथम त्याच्याजवळ बसावें, झोप व भूक कशी आहे तें विचारावें, आणि वैद्याला दाखवावें. वैराग्य खरेंच असेल तर तें तपासणीनें उणें होणार नाहीं.